किमान वाटा

साधनाला संगीताचं आमंत्रण होतं, खुर्ची मात्र जनरेटरशेजारी होती.

मंठा रोडवरचं लॉन, मे महिन्यातला रविवार, संध्याकाळचे पाच. उद्या नेहलचं लग्न, आज संगीत, अठराशे पाहुणे. नेहल ही मयंकची धाकटी बहीण आणि मयंक हा साधनाचा मालक. जालन्यात त्याची सॉफ्टवेअरची लहानशी कंपनी होती, आणि त्या कंपनीचा सगळा डोलारा ज्या डेटाबेसवर उभा होता तो साधनाने बांधला होता. “साधनाजी, तुम्ही तर घरच्याच,” असं म्हणत मयंकने तिच्या हातात पत्रिका ठेवली होती आणि त्याच दमात “लॅपटॉप बराबर आणा” असंही बजावलं होतं. घरच्या माणसाला कोणी लॅपटॉप घेऊन लग्नाला बोलावत नाही, एवढं साधनाला कळत होतं. तरी ती आली. आईची नारायणपेठ नेसून, स्टेजच्या मागे, डिझेलच्या वासात, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. दुपारी दोन वाजल्यापासून तिच्या डोक्यात जो राग होता तो काही केल्या उतरत नव्हता.

राग मयंकवर होता, राधेश्यामवर होता, एकूण लग्नसराईवरच होता. स्वतःवरही होता, पण तो तिने सगळ्यांत खाली दाबून ठेवला होता.

आता हे डेटाबेसचं प्रकरण काय आहे ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर एक शिकलीसवरलेली बाई जनरेटरशेजारी बसून एवढी का धुमसतेय ते कळायचं नाही. एखाद्या ॲपमध्ये आपण नाव टाकतो, तारीख टाकतो, पत्ता टाकतो, ते सगळं कुठेतरी साठवावं लागतं. ती जागा म्हणजे डेटाबेस. मोठे लोक आपापला स्वतंत्र ठेवतात. लहान धंदेवाल्याला ते झेपत नाही. म्हणून साधनाने क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर, एकच डेटाबेस मांडला आणि त्यात एकसष्ट गिऱ्हाइकांच्या ॲपना जागा दिली. कंपनीची विक्री बघणाऱ्या राधेश्यामला तिने ते असं समजावलं होतं, “एक मोठं गोदाम समजा. खोल्या एकसष्ट, पण भिंती सरकत्या. ज्याच्याकडं गर्दी त्याची खोली मोठी व्हते, ज्याच्याकडं सामसूम त्याची लहान. एकाचं सामान दुसऱ्याला दिसत न्हाई. अन् सगळ्यांची गर्दी काही एका टायमाला येत न्हाई, म्हणून लहान गोदामातबी सगळ्यांचं भागतं.”

“वा! झकास!” राधेश्याम म्हणाला होता. आणि त्याच संध्याकाळपासून त्याने त्या गोदामाची वाट लावायला घेतली.

बिचाऱ्याने वाईट काही केलं नाही. जालन्यात माल जसा विकतात तसाच त्याने विकला, म्हणजे ओळखीने. पहिलं गिऱ्हाईक एक लॉनवाला. त्याने आपल्या केटररला फोन लावून दिला, “आपलाच माणूस आहे, घेऊन टाक.” केटररने मंडपवाल्याला सांगितलं. मंडपवाल्याने बँडवाल्याला, बँडवाल्याने घोडीवाल्याला. मग पत्रिका छापणारे, फोटोवाले, मेंदीवाल्या, पार्लरवाल्या, पाहुणे आणणाऱ्या जीपा. भोकरदनपासून मंठ्यापर्यंत वर्षभरात एकसष्ट गिऱ्हाइकं झाली आणि त्यातली पंचावन्न लग्नाच्या धंद्यातली निघाली.

लग्नाच्या धंद्याला गर्दी केव्हा येते? पंचांग सांगेल तेव्हा. सगळ्यांना, एकदम, एकाच तिथीला.

साधनाने कपाळाला हात लावला. मीटिंगमध्ये सांगितलं, मेल करून सांगितलं, चहा पिताना सांगितलं, की भिंती सरकतात त्या शेजारची खोली रिकामी असेल तर. सगळ्याच खोल्या एकाच दिवशी फुगल्या तर भिंत सरकणार कुठे? “एक शाळा आणा. एक दूध डेअरी आणा. बियाण्याचं एक दुकान आणा, या गावात त्यांची काय कमी आहे? कुणीतरी असं आणा की ज्याला तिथीशी घेणंदेणं न्हाई.”

“तिथं ओळख न्हाई ना आपली,” राधेश्याम म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

शेवटी पुण्यात सहा वर्षं मोठमोठ्या यंत्रणा सांभाळून आलेल्या या बाईने ऑफिसच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगली आणि लग्नाच्या तारखांना लाल गोल केले. मेमधली उद्याची तारीख तर तिने दोनदा गोल केली होती. पुण्यातल्या जुन्या मैत्रिणीने व्हिडिओ कॉलवर ते कॅलेंडर पाहून विचारलं, “हे काय गं, स्थळं बघतेस का?” साधनाला हसू आलं नाही.

गोदाम मोठं करायचाही रस्ता बंद होता. जानेवारीत एकाच आठवड्यात भाड्याचा आकडा तिप्पट झाला आणि मयंकने वरची मर्यादा कायमची ठोकून टाकली. आता ती वाढवायची तर मयंकने क्लाउडवाल्यांना विनंती पाठवायची आणि उत्तर कामाच्या दिवशी यायचं. साधनाने दहा दिवस आधी आठवण करून दिली. मयंक “बघू” म्हणाला. त्याच्या घरी लग्न होतं, त्याला दुसरं काही दिसत नव्हतं.

अशा अडचणीत साधनाने एकच गोष्ट मनासारखी करून घेतली होती. तिने प्रत्येक खोलीला दोन खुणा केल्या. एक कमाल, म्हणजे याच्या पलीकडे तू पसरायचं नाहीस. दुसरी किमान, म्हणजे कितीही गर्दी होऊ दे, एवढी जागा तुझीच. मोठ्या गिऱ्हाइकांना किमानाची फिकीर नसते. ती सोय मुळात पुष्पाबाईंसाठीच केली होती म्हटलं तरी चालेल.

पुष्पाबाई मंठ्याच्या. लग्नांत पोळ्या लाटायला जाणाऱ्या बायकांचं काम त्या लावून देत. आसपासच्या चाळीस-बेचाळीस खेड्यांतल्या सहाशे चाळीस बायका. तिथीच्या आदल्या दिवशी पाचच्या सुमाराला केटरर आपापल्या ताटांचा आकडा ॲपमध्ये टाकत. त्यावरून कुठे किती बायका लागतील ते ठरे. मग प्रत्येकीने आपला फोन उघडायचा, कुठलं गाव, कुठलं कार्यालय, जीप कुठे आणि किती वाजता हे बघायचं आणि ‘येते’ हे बटण दाबायचं. सातच्या आत हे उरकावं लागे, कारण सातला जीपवाले आपले रस्ते ठरवत. जिचं बटण दाबलेलं नाही तिच्या गावाकडे जीप वळायची नाही. पहाटे ती बाई फाट्यावर उभी राहून परत घरी जायची, आणि तिचा दिवस बुडायचा.

पूर्वी पुष्पाबाई हे सगळं फोनवर आणि डोक्यात करायच्या. तालुक्यात आणि शेजारच्या तालुक्यात मिळून पिंपळगावं तीन. एकदा एकोणीस बायका भलत्याच पिंपळगावला जाऊन बसल्या. तिथे लग्न तर नव्हतंच, परतीची गाडीही नव्हती. त्या दिवसानंतर पुष्पाबाईंनी ॲप घेतलं. साधना स्वतः मंठ्याला गेली होती समजावायला. ओट्यावर बसून चहा पिताना पुष्पाबाईंनी तिला सरळ विचारलं होतं, “ताई, तुमच्याकडं मोठमोठाले केटररवाले हायेत, लॉनवाले हायेत. त्यांच्या गर्दीत आमचं काय व्हणार?”

“तुमच्या वाट्याची जागा कुणी घेणार न्हाई,” साधना म्हणाली होती. “मी सांगते ना.”

पुष्पाबाईंनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं होतं आणि मग मान हलवली होती. त्यानंतर त्यांनी बायकांना फोन करणं बंद केलं. सहाशे चाळीस घरांचा दुसऱ्या दिवसाचा चुलीचा हिशोब त्यांनी साधनाच्या एका वाक्यावर टाकला.

आणि आज दुपारी दोन वाजता साधनाने पुष्पाबाईंचा किमान वाटा शून्य केला.

तिने मनाने केला नाही, मयंकने करायला लावला. संगीतासाठी त्याने एक नवीनच टूम काढली होती. पाहुण्यांनी पत्रिकेवरचा कोड स्कॅन करायचा, नाच चालू असताना फोनवर लाल बदाम दाबायचे, जितके दाबाल तितके. स्टेजवरच्या मोठ्या पडद्यावर मामाकडच्यांचे बदाम किती आणि काकाकडच्यांचे किती ते आकडे पळणार. लॉनवाल्याला ते एवढं आवडलं होतं की यापुढे प्रत्येक संगीतात ठेवू म्हणत होता. एकेक बदाम म्हणजे डेटाबेसमध्ये एकेक नोंद. अठराशे माणसं आणि छत्तीसशे अंगठे. साधनाने ते ऐकूनच विचारलं, “मयंकभैया, नुसती बेरीज ठेवू ना. प्रत्येक बदाम कशाला लिहायचा?”

“मंग ‘सर्वात जास्त बदाम कुणी दिले’ त्याला बक्षीस कसं देणार?” मयंक म्हणाला. बक्षिसाचा चांदीचा नारळ आणूनही ठेवला होता. “आज संध्याकाळपुरतं लहान गिऱ्हाइकांचं किमान काढून टाका, आणि आपली कमाल मर्यादा उघडा. दोन तासांचा तर सवाल आहे. घरचं कार्य आहे, साधनाजी. पडदा अटकला तर समाजात काय तोंड दाखवू?”

“पुष्पाबाईंचं काम त्याच टायमाला असतं.”

“दोन तास.”

ती बोलली, पुष्कळ बोलली. मग तिला कंटाळा आला. वर्षभर त्याच त्याच गोष्टी त्याच त्याच माणसांना सांगून तिचा जीव एवढा विटला होता की आणखी एकदा भांडण्यापेक्षा बटण दाबणं सोपं वाटलं. ‘होऊ दे एकदाचं, मग कळेल यांना,’ असंही मनात आलं. ते मनात आलं याची तिला आता लाज वाटत होती. कळणार कुणाला होतं? मयंकला? कळणार होतं ते फाट्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांना.

पावणेसहाला पहिला नाच सुरू झाला. साधनाच्या लॅपटॉपवर बासष्ट पट्ट्या होत्या, एकसष्ट गिऱ्हाइकांच्या आणि एक संगीताची. संगीताची पट्टी लांब होऊ लागली, आणखी लांब झाली, मग बाकीच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या. समोरून पडद्यामागून आरडाओरडा ऐकू येत होता. “मामा! मामा!” “काका! काका!” ती कनातीच्या फटीतून डोकावली. एक सफारीतले गृहस्थ दोन हातांत दोन फोन धरून दोन्ही अंगठ्यांनी बदाम दाबत होते. नाचणाऱ्या पोरींकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांच्या शेजारच्या काकू थांबल्या तर त्यांनी त्यांना कोपराने ढोसलं.

सहाला पाच कमी असताना फोन वाजला. पुष्पाबाई.

“ताई, ॲप उघडून नाही राह्यलं. नुसतं गोल गोल फिरून राह्यलंय. केटररवाल्यांचे आकडे आले म्हणं, पण बायकांना गाव दिसत न्हाई. मला धा फोन आल्ते आतापर्यंत.”

“बघते, पुष्पाबाई.”

“उद्या बहात्तर लग्नं हायेत ताई. बहात्तर. वर्षाची मोठी तिथी. आज जर गडबड झाली ना, तर मी बायकांना तोंड दाखवायची न्हाई. जल्दी बघा.”

“बघते म्हणलं ना!” साधना ओरडली, आणि ओरडल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. “बघा मंग,” एवढंच म्हणून पुष्पाबाईंनी फोन ठेवला.

तिने पट्ट्या पाहिल्या. मंठ्याची पट्टी शोधायला तिला स्क्रीनवर बोट फिरवावं लागलं. सहाशे चाळीसपैकी ‘येते’ म्हणणाऱ्या बायका किती, तर एकतीस.

तिने मयंकला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा मेसेज आला, ‘परफॉर्मन्स चल रहा है.’ तिने राधेश्यामला फोन केला. तो म्हणाला, “ताई, आपण काकाकडून आहोत का मामाकडून? मी दोन्हीकडं दाबून राह्यलो.” तिने फोन कापला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात ते तिने त्या क्षणी अनुभवलं. एवढं सगळं शिकून, एवढी रात्रंदिवस आकडेमोड करून, प्रत्येक खोलीचा इंच इंच मोजून बांधलेलं गोदाम, आणि लोक ते बदामांनी भरत होते.

सहा वाजून सात मिनिटं. एकतीसचे चौतीस झाले होते. पुष्पाबाईंनी पुन्हा फोन केला नव्हता, आणि त्या करत नाहीत हेच तिला जास्त लागत होतं.

साधनाने पदर खोचला. आधी तिने संगीताची कमाल मर्यादा पूर्वी होती तिथे आणून ठेवली. मग पुष्पाबाईंचा आणि बाकीच्या लहान गिऱ्हाइकांचा किमान वाटा परत दिला. आणि मग हात थांबले, कारण तिला कळलं की पाच मिनिटांत मयंक इथे येईल, ‘दोन तास’ म्हणेल, आणि आपण पुन्हा शून्य करू. दुपारी केलंच की. तिला मयंकची भीती वाटत नव्हती. आपण पुन्हा थकू, याची वाटत होती.

पहिल्या आराखड्यात तिने एक सोय केली होती. कुणाचा किमान वाटा कमी करायचा असेल तर त्या गिऱ्हाइकाच्या फोनवर सहा आकडे जातील, आणि ते त्याने सांगितले तरच बदल होईल. “आपल्याच गोदामात आपणच परवानगी मागायची?” असं म्हणून मयंकने ती सोय बंद ठेवायला लावली होती. साधनाने ती चालू केली. मग थोडा विचार करून तिने असंही केलं की हा नियम बंद करायचा तरी तेच सहा आकडे लागतील, मालकाला लागतील आणि तिलाही. सहा वाजून बारा मिनिटांनी तिने शेवटचं बटण दाबलं.

पडद्यावरचे आकडे धापा टाकू लागले. मामांचे चाळीस हजार दोनशे अकरा. चाळीस हजार दोनशे अकरा. चाळीस हजार दोनशे बारा. काकांकडून कुणीतरी ओरडलं, “चीटिंग है!” मामांकडून उत्तर गेलं. नाच थांबला नव्हता, पण नाचाकडे आता कोणीच पाहत नव्हतं.

लॅपटॉपवर मंठ्याची पट्टी वर आली. नव्वद. एकशे सत्तर. साधनाने पुष्पाबाईंना मेसेज केला, ‘आता उघडेल. सगळ्यांना सांगा.’

कनात बाजूला करून मयंक आत आला. शेरवानी घामाने भिजली होती. “साधनाजी, क्या हुआ? पडदा अटकलाय! भुवाजी रुसून खुर्चीवर बसल्या. काकाकडचे म्हणून राह्यले की आपण मुद्दाम थांबवलं!”

“मीच थांबवलं.”

“क्यों?”

“पुष्पाबाईंच्या बायकांना गावं दिसत नव्हती. सातपर्यंत दिसली न्हाईत तर उद्या जीपा त्यांच्याकडं जाणार न्हाईत.”

मयंक तिच्याकडे बघतच राहिला. “त्या पोळ्यावाल्या बाईसाठी? अठराशे लोक बसलेत बाहेर!”

“उद्या तुमच्या पंगतीला छत्तीस बायका तिच्याच येणार आहेत, भैया.”

हे ऐकून तो चपापला. साधनाला वाटलं, चला, समजलं याला. मयंकने घाम पुसला, दोन श्वास घेतले आणि म्हणाला, “मंग असं करा. आपल्या त्या छत्तीस जणींचं आधी करून टाका. बाकीच्यांचं आठनंतर पाहू.”

साधनाने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस वाईट नव्हता, पगार एक तारखेला देत होता, तिच्या वडिलांच्या आजारपणात गाडी पाठवत होता. त्याला फक्त स्वतःच्या मांडवाबाहेरचं दिसत नव्हतं, आणि ते दिसायला लावील असं एकही वाक्य तिच्याजवळ शिल्लक नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “माझ्याच्याने होणार न्हाई आता.”

“मी करतो.”

मालकाला लागेल तर असावा म्हणून तिनेच त्याच्या फोनवर एक साधा पडदा बनवून दिला होता, गिऱ्हाइकांची नावं आणि समोर सरकवायच्या खुणा. मयंकने पुष्पाबाईंचं नाव शोधलं आणि खूण ओढून शून्यावर नेली. फोनने त्याला विचारलं, ‘पुष्पाबाई यांच्या मोबाइलवर पाठवलेले सहा आकडे टाका.’

त्याने ते दोनदा वाचलं. “हे काय आहे?”

“तिचा वाटा आहे. तिला विचारून घ्यायचा.”

बाहेर डीजेने गाणं बदललं. “चांदी का नारियल किस को मिलेगा?” असं तो विचारत होता आणि लोक दोन्ही बाजूंनी नावं ओरडत होते. मयंकने साधनाकडे रागाने पाहिलं, मग फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“हॅलो, पुष्पाबाई? मी मयंक बोलून राह्यलो, जालन्याहून, कंपनीतून. तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील. ते सांगा जरा.”

तिकडे बायकांचा गलका होता. कोणीतरी “रामनगर न्हाई गं, राजूर, राजूर!” असं ओरडत होतं. मग पुष्पाबाईंचा आवाज आला, “कोण मयंक?”

“कंपनीचा मालक. ॲपवाला.”

“मालकाला आकडे कशाला लागत्यात?”

“थोडं काम आहे सिस्टिममध्ये. जल्दी सांगा.”

“बचत गटाच्या मीटिंगला ब्यांकेची बाई आल्ती,” पुष्पाबाई सावकाश म्हणाल्या. “तिनं सांगितलंय, फोनवर आकडे मागन तो चोर. मालक म्हणू दे न्हाईतर कलेक्टर म्हणू दे. ठिवा फोन.”

आणि त्यांनीच ठेवला.

साधनाच्या लॅपटॉपवर तीनशे नव्वद झाले होते. सहा वाजून पंचवीस. मयंक उभ्याउभ्याच खुर्चीच्या पाठीला टेकला. त्याचा चेहरा पाहून तिला एकदम त्याची दया आली. बहिणीचं लग्न, रुसलेली आत्या, बाहेर ओरडणारे नातेवाईक. त्याने पुन्हा नंबर लावला, घंटी वाजू लागली तसा फोन तिच्यासमोर धरला. आता तो मालकासारखा बोलत नव्हता.

“तुम्ही बोला, साधनाजी. तुमचं ऐकतील त्या. तुम्ही मागितले तर देतील.”

खरं होतं ते. पुष्पाबाईंनी मालकाला आकडे दिले नाहीत, ब्यांकेला दिले नसते, पण साधनाताईने मागितले असते तर चष्मा लावून, एकेक आकडा मोठ्याने वाचून दिला असता. दुपारी दोन वाजता तिने काय केलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. वर्षभर साधना म्हणत आली होती की माझं कुणी ऐकत नाही. एक बाई ऐकत होती, आणि नेमकं तिलाच तिने फसवलं होतं.

तिने फोन घेतला.

“पुष्पाबाई, साधना बोलतेय.”

“ताई, बरं झालं तुमी बोलल्या! उघडलं बगा ॲप, बायका दाबून राह्यल्या. अन् आत्ता एका मानसाचा फोन आल्ता, आकडे मागत व्हता. आलेत आकडे, माझ्यासमोरच हायेत. तुमाला लागत असतीन तर सांगते. घ्या लिहून.”

“थांबा,” साधना म्हणाली. मयंक तिच्याकडे बघत होता. जनरेटरच्या आवाजात आपलं बोलणं नीट ऐकू जावं म्हणून तिने दुसऱ्या कानावर हात धरला. “पुष्पाबाई, दुपारी तुमची जागा दुसऱ्या कुणी न्हाई घेतली. ती मी काढली. तुम्हाला शब्द दिला होता, तरी माझ्याच हाताने काढली.”

पलीकडून बायकांचे आवाज येत राहिले, गावांची नावं घेणारे.

“पुन्हा काढायची तर ते आकडे लागतात,” साधना म्हणाली. “म्हणून सांगते, कुणालाच देऊ नका. मी मागितले तर मलाबी न्हाई.”